कासच्या पठारावरील छायाप्रयोग

साताऱ्याहून पश्चिमेस निघालेला रस्ता यवतेश्वराचा घाट चढून माथ्यावर आला, म्हणजे आपण डोंगराच्या पाठीवरून चाललो आहो अशी प्रवाशाची खात्री होते. एका अंगास उरमोडीच्या धरणाचे पाणी खोल खाली चकाकत असते. दुसऱ्या अंगास कण्हेरच्या जलाशयाचा निळसर पट्टा दिसतो. आणि ढग जरा विरळ झाले की समर्थांच्या वास्तव्याने पुनीत झालेला सज्जनगड मधूनच दर्शन देतो. ह्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर गेल्यावर कासचे पठार लागते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,२०० मीटर. उन्हाळ्यात कोणी तेथे गेला, तर जांभ्या दगडाचा एक ओसाड, भाजलेला माळ ह्यापलीकडे त्याच्या दृष्टीस काही पडावयाचे नाही. परंतु श्रावण सरता सरता त्याच माळावर जे घडते, ते पाहण्यासाठी लोक दूरदुरून येतात.

ह्या चमत्काराचे कारण दगडातच आहे. जांभ्याच्या सलग थरावर माती अशी ती चार बोटे. कोठे तीही नाही. मोठ्या वृक्षाने मुळे रोवावीत तरी कशात? पावसाळ्यात खळग्याखळग्यांतून पाणी साचते आणि पाऊस ओसरला की माळ पुन्हा कोरडा ठणठणीत होतो. तेव्हा येथे ज्या इवल्या वनस्पतींस जगावयाचे आहे, त्यांनी अवघ्या दोन-तीन महिन्यांत उगवावे, फुलावे आणि बी टाकून मोकळे व्हावे, असा येथील दंडक आहे. सगळ्यांनाच घाई, म्हणून सगळ्याच एकदम फुलतात. तेरड्याची गुलाबी पखरण, सोनकीचा पिवळा धमक विस्तार, गेंदाचे पांढरे ठिपके आणि त्यांतून डोकावणारी सीतेची आसवे ही जांभळी-निळी फुले, असे एकामागून एक रंग माळावर चढत जातात. माती इतकी निकस, की सीतेच्या आसवांसारख्या काही वनस्पती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपली उपजीविका करतात. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांस जागतिक नैसर्गिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश झाला तो ह्या वनस्पतिवैभवामुळेच.

गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्यावर आम्ही घरची पाच माणसे कासला गेलो होतो. वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेले माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, वहिनी, महाविद्यालयात शिकणारी पुतणी, ऐंशी वर्षांची आमची आत्या, आणि मी. दादांपाशी वही आणि साधा कॅमेरा. माझ्यापाशी थोडा भारी कॅमेरा आणि तिपाई. दादांचे काम ठरलेले. दरवर्षी त्याच वाटेवरील त्याच ठिकाणी उभे राहावयाचे, त्याच दिशेने छायाचित्र घ्यावयाचे आणि कोणती फुले किती, ह्याची नोंद करावयाची. माझे काम मात्र घरातील इतरांस काहीसे चमत्कारिक वाटणारे होते. एकाच चित्रचौकटीवर दोन, चार, नऊ अशा छाया एकावर एक घेऊन पाहावयाच्या, आणि त्यांतून हे पठार कसे दिसते ते अजमवावयाचे, असा माझा बेत होता. छायाचित्रकार ह्यास ‘मल्टिपल एक्स्पोजर’ म्हणतात.

हा प्रकार नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. जुन्या पेटीकॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकविण्याचा आणि कळ दाबण्याचा परस्परसंबंध नसे. कळ दाबून फिल्म फिरवावयाचे विसरले, की दुसरे चित्र पहिल्याच्याच उरावर बसे. कितीएक घरांच्या जुन्या आल्बमांत मुंजीच्या मांडवातून आगगाडी चालली आहे, किंवा आजोबांच्या पगडीतून पिंपळ उगवला आहे, अशी एखादी छबी सापडेल ती ह्याच विस्मृतीची. पुढे कॅमेरे करणाऱ्यांनी ही चूक होऊ नये म्हणून यंत्रात अडसर घातला. आणि ज्यांना ती चूक जाणूनबुजून करावयाची होती त्यांच्यासाठी तो अडसर काढण्याचीही सोय ठेवली!

जाणूनबुजून करणारेही पुष्कळ झाले. फ्रान्समधील एत्येन-झ्यूल मारे ह्या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली एकाच काचेवर चालत्या माणसाच्या अनेक अवस्था टिपून गतीचा अभ्यास केला. जॉर्ज मेलिएस ह्याने १९०० साली एकाच फिल्मवर सात वेळा स्वतःस टिपून एकट्याचाच वाद्यवृंद पडद्यावर उभा केला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटांतून पौराणिक चमत्कार दाखविताना छायाचित्रणाच्या अशा करामतींचा आधार घेतलाच. परंतु त्याहूनही आधी, १९१२ च्या सुमारास, रोपट्याच्या वाढीची चित्रे दिवसेंदिवस घेत जाऊन, बीजापासून वेलापर्यंतचा प्रवास त्यांनी काही क्षणांत दाखविला होता. ती करामत निराळी असली तरी तिच्या मुळाशी असलेले कुतूहल हेच, की काळाचे अनेक तुकडे डोळ्यांस एकत्र दाखविता येतील काय? निसर्गाच्या चित्रणात ही रीत रुजविणाऱ्यांत अमेरिकेतील हॅरी कॅलहन आणि कॅनडातील फ्रीमन पॅटरसन ह्यांची नावे घेतली पाहिजेत. कॅलहनने झाडांच्या फांद्या आणि गवताच्या काड्या एकावर एक टिपून त्यांची जणू रेखाचित्रे केली. पॅटरसनने फुलांची शेते आणि वनराई अनेक छायांतून रंगांच्या तरंगांसारखी दाखविली.

कृतीचे मर्म थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाही. फिल्मवर जेथे प्रकाश पडतो तेथे ठसा उमटतो. जेथे अंधार राहिला तेथील जागा कोरीच राहते. म्हणून दुसरे चित्र उमटते ते पहिल्याच्या सावलीत. पहिल्या चित्रातील आकाश पांढरेशुभ्र असेल, तर त्यावर दुसरे काहीही उमटत नाही. दुसरी गोष्ट हिशेबाची. दोन छाया घ्यावयाच्या असतील तर प्रत्येकीस निम्माच प्रकाश द्यावा. चार घ्यावयाच्या असतील तर चतुर्थांश. आठ असतील तर अष्टमांश. नाही तर सर्व मिळून चित्र पांढरेफटक पडते. पार्श्वभूमी काळीकुट्ट असेल तर मात्र ही कपात नको, कारण तेथे एकमेकींवर अतिक्रमण होतच नाही.

आजच्या कॅमेऱ्यांत हा हिशेब यंत्रच करते. बऱ्याच कॅमेऱ्यांत छाया एकत्र करण्याच्या चार तऱ्हा दिलेल्या असतात. पहिलीत प्रकाशाची सरळ बेरीज होते, जशी फिल्मवर होत असे. दुसरीत सरासरी काढली जाते. तिसरीत प्रत्येक बिंदूच्या ठिकाणी सर्व छायांतील जो उजळ तो राखला जातो. आणि चौथीत जो गडद तो. माझ्या कॅमेऱ्यात अशा नऊ छायांपर्यंत मुभा आहे. हेच काम घरी बसून संगणकावर करता येत नाही काय, असे कोणी विचारील. येते, आणि उत्तमही येते. पेप व्हेंतोसा हा छायाचित्रकार झाडाभोवती प्रदक्षिणा घालीत टिपलेली चित्रे अशीच मागाहून एकत्र करतो. परंतु कॅमेऱ्यातच ते करण्यात एक लाभ आहे. पहिल्या छायेवर दुसरी कशी बसेल हे तेथल्या तेथे ठरवावे लागते. वारा, ढग, ऊन ह्यांच्या मर्जीने ठरवावे लागते. घरच्या संगणकापुढे वारा सुटत नाही.

सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा पठार धुक्यात बुडालेले होते. वाहनतळापाशी रस्त्याच्या कडेस जांभळाचे एक ठेंगणे झाड उभे होते. भोवताली नुसता खडक. फुलाला पाय लागण्याची भीती नसल्यामुळे मी तेथेच आरंभ केला. झाडाच्या भोवती हळूहळू फिरत, खोड चौकटीच्या मध्यावर राखून, मी सरासरीच्या तऱ्हेने नऊ छाया घेतल्या. खोड एकाच जागी असल्याने ते दाट, गडद उमटले. फांद्या मात्र नऊ दिशांनी आलेल्या, म्हणून त्यांचा एक धूसर मुकुट झाला. वहिनी वाकून पडद्यावर पाहत म्हणाल्या, “हे झाड वाऱ्याने घाबरल्यासारखे दिसते आहे, भाऊजी!” वस्तुतः वाऱ्याची झुळूकही नव्हती. चाललो होतो मी. परंतु हालले ते झाड. आगगाडीत बसलेल्या मुलाला बाहेरची शेते पळताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार होता.

धुक्यात ह्या कामास सोय फार. धुके आकाशाचा भगभगीतपणा झाकते, दूरच्या वस्तू पुसून टाकते आणि रंग मऊ करते. शिवाय आकार थोडेच उरतात. ही रीत शिकणाराने पहिला धडा हाच घ्यावा, की चौकटीत वस्तू जितक्या कमी, तितके चित्र बोलके. रंगाची पुडी पाण्यात टाकली तर छटा खुलते. साऱ्या पुड्या एकदम टाकल्या तर गढूळ पाणी उरते. ह्या रीतीतील बहुतेक चित्रे गढूळ होतात ती ह्या एकाच कारणाने. छायांची संख्या वाढविण्यास फार अक्कल लागत नाही. पहिली छाया घेतानाच पुढच्या आठांसाठी जागा मोकळी ठेवावी लागते.

धुके वर उचलले गेले आणि वाटेच्या दोन्ही अंगांस फुले दिसू लागली. दादा चष्मा पुसून कामास लागले. पुतणी त्यांच्या मागून नावे लिहून घेत होती. गेंदाचे फूल म्हणजे बारीक काडीच्या टोकाशी शर्टाच्या बटणाएवढा पांढरा गोळा. त्यात पुन्हा कितीएक सूक्ष्म फुले असतात. सीतेची आसवे त्याहून नाजूक. ही दोन्ही पाणथळ जागी शेजारीशेजारी वाढतात आणि मग पांढऱ्यावर जांभळा शिडकावा केल्यासारखा माळ दिसतो. आत्या एका दगडावर बसली होती. तिला वाकवत नाही, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही बारीक वस्तू तिला स्पष्ट दिसत नाही. दादा नावे सांगत, ती मान डोलवी. परंतु तिच्या दृष्टीस फूल असे येतच नव्हते.

येथे मी तीन प्रयोग केले. पहिल्यात दोनच छाया: एक भिंगाचा नेम फुलांवर अचूक साधून, दुसरी तो नेम मुद्दाम पुष्कळ चुकवून. दुसऱ्या छायेत प्रत्येक गेंद फुगून प्रकाशाचे वाटोळे वलय होतो. ती पहिलीवर बसली, म्हणजे रेखीव फुलाभोवती एक मंद प्रभा पसरलेली दिसते. चित्र गोड येते. फार गोड म्हणूनच ते चार-दोनदा पाहिल्यावर पुरे वाटते.

दुसऱ्या प्रयोगात कॅमेरा हाती धरून प्रत्येक छायेगणिक तो तसूभर वर सरकविला. नऊ छाया मिळून फुलांचे उभे फटकारे झाले. जणू कोणी रुंद कुंचल्याने पांढरा आणि जांभळा रंग ओढला आहे. पाने, काड्या, दगड, सारे त्या रंगांत विरघळले. कोठले फूल कोणते हे ओळखू येईना. राहिला तो केवळ रंगांचा मेळ.

तिसरा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटला. दहाच्या सुमारास वारा सुटला. पठारावरील वारा सलग नसतो; एक लाट येते, गवत झुकते, क्षणभर सारे स्तब्ध होते, पुन्हा लाट येते. मी कॅमेरा तिपाईवर घट्ट बसविला आणि चौकटीच्या खालच्या भागात जांभ्याचा एक खडबडीत तुकडा येईल असे पाहिले. मग कॅमेऱ्यास हातही न लावता, दूरकळीने, वाऱ्याच्या लाटेत तीन आणि स्तब्धतेत दोन, पुन्हा लाटेत चार, अशा नऊ छाया घेतल्या. सरासरीच्या तऱ्हेत जे हलत नाही ते नऊ वेळा त्याच जागी पडते, म्हणून अधिकच ठाम दिसते. जे हलते ते नवव्या हिश्शाने फिके होऊन नऊ ठिकाणी पसरते. चित्रात दगडाचा प्रत्येक खळगा मोजून घ्यावा इतका स्पष्ट उमटला, आणि त्यावर फुलांचा नुसता श्वास राहिला. शटर बराच वेळ उघडे ठेवून एकच छाया घेतली असती तर फुलांचा सलग धूर झाला असता. येथे तसे नव्हते. वारा कोठे थांबला, कोठे झुकला, ह्याच्या पायऱ्या दिसत होत्या. पठाराचा जो स्वभाव, म्हणजे लक्षावधी वर्षांचा दगड आणि दोन महिन्यांची फुले, तो ह्या एका चौकटीत आला आहे असे मला वाटले.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. दशम्या, तिखट चटणी आणि दही ह्यांच्या जोडीला ही चित्रे हातोहात फिरली, आणि तेथे वाद उपस्थित झाला. वादाचा विषय झाला तो दुसरा प्रयोग, म्हणजे रंगाच्या फटकाऱ्यांचा.

दादा म्हणाले, “चित्र सुरेख आहे, पण खोटे आहे. ह्या तुकड्यात यंदा फुले विरळ आहेत. मी आताच नोंदविले. तुझ्या चित्रात मात्र माळ नुसता ओसंडून वाहतो आहे.”

मी म्हणालो, “दादा, सरासरी घेतली आहे. एकेक फूल नऊ ठिकाणी दिसते हे खरे. पण प्रत्येक ठिकाणी नवव्या हिश्शानेच. एकंदर प्रकाश फुलांनी दिला तेवढाच आहे, तसूभर अधिक नाही.”

“तुझा हिशेब बरोबर आहे,” दादा शांतपणे म्हणाले, “पण डोळा हिशेब करीत नाही. हे चित्र पाहणारा म्हणेल, कासला यंदा बहर आहे. तो येईल, त्याच्या मागून आणखी शंभर येतील. आणि तीस वर्षांनी कोणी विचारले, की ह्या साली ह्या ठिकाणी काय उगवत होते, तर ह्याला काय उत्तर देता येईल?”

ह्या प्रश्नास गंमतीने उडवून लावणे शक्य नव्हते. वायतुऱ्यासारख्या वनस्पतीचे उदाहरण घ्या. पाणथळ जागी उगवणारी, दुभंगलेल्या तुऱ्याची ही वनस्पती महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील मोजक्या पठारांवाचून जगात अन्यत्र नाही. तिच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचे नाव गुंफलेले आहे. ती यंदा किती तुऱ्यांनी फुलली आणि पुढील साली किती, ही माहिती कोणी ठेवली नाही तर ती नाहीशी झाल्याचे कळणारही नाही. अशा ठिकाणी छायाचित्र म्हणजे साक्षीदाराची जबानी. आणि साक्षीदाराने अलंकारिक भाषा वापरून चालत नाही. दादांची वही आणि त्यांची ती साधी, सरळ, रुक्ष चित्रे ह्यांचे मोल माझ्या साऱ्या फटकाऱ्यांहून अधिक आहे, हे मी त्यांस मोकळ्या मनाने सांगितले.

तोवर कॅमेरा आत्याच्या हाती गेला होता. ती तो लांब धरून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “अरे, मला हे असेच दिसले. तुम्ही फुलांची नावे घेत होता, पण मला फूल कोठे दिसत होते? पांढरे आणि जांभळे मात्र दिसले. आणि ते हलत होते.”

कोणीच काही बोलले नाही. दादांनी कॅमेरा घेऊन ते चित्र पुन्हा एकदा पाहिले. वादात हार-जीत झाली नाही. परंतु दोन्ही पक्षांची हद्द आखली गेली. दादांचे चित्र पठारावर काय होते ते सांगते. दुसऱ्या प्रकारचे चित्र, ते पाहणाऱ्या माणसाला काय जाणवले ते सांगते. दोन्ही जबान्या आहेत, मात्र निरनिराळ्या गोष्टींच्या. एकीने दुसरीची जागा घेतली, की तेथे लबाडी सुरू होते. शेवटी दादांनीच तोड काढली. ते म्हणाले, “चित्राखाली लिहीत जा, किती छाया आणि कशा घेतल्या ते. मग माझी काही तक्रार नाही.” पुतणीने लगेच वहीत ओळ घातली: ठिकाण, वेळ, वाऱ्याची दिशा आणि ‘नऊ छाया, कॅमेरा हलता’. आता आमच्या घरच्या संग्रहात एकाच पानावर दोन चित्रे असतात: डावीकडे दादांचे, फुलांच्या नावांसह, उजवीकडे माझे, छायांच्या संख्येसह.

तिसऱ्या प्रहरी जुन्या वाटेने आम्ही कुमुदिनीच्या तळ्याकडे गेलो. आत्या आणि वहिनी मागे राहिल्या. ह्या तळ्यात कुमुदिनीची झालरदार पाकळ्यांची पांढरी फुले पाण्यावर तरंगत असतात. आभाळ भरून आलेले. पाणीही त्याच रंगाचे. अशा उजेडात प्रकाशाच्या बेरजेची तऱ्हा निरुपयोगी ठरते, कारण पांढरे आकाश सारे गिळून टाकते. येथे गडद तेवढे राखणारी तऱ्हा कामास येते. काठच्या लव्हाळ्यांची एक छाया घेऊन मग कॅमेरा सरळ उलटा धरला आणि दुसरी घेतली. पात्यांच्या काळ्या रेघा वरून आणि खालून अशा दोन्हीकडून चौकटीत शिरल्या आणि मधल्या रित्या पांढऱ्यावर एकमेकींस भिडल्या. काठ कोणता, प्रतिबिंब कोणते, हे सांगणे कठीण झाले. उलट, फुलांसाठी उजळ तेवढे राखणारी तऱ्हा घेतली. सावलीतल्या काळ्या पाण्यावर तरंगणारी चार फुले. कॅमेरा किंचित फिरवीत पाच छाया. आणि काळोखात चांदण्या विखुरल्यासारखी वीस फुले झाली. दादांनी हळूच विचारले, “किती छाया?” मी म्हणालो, “पाच.” “मग फुले चार,” ते म्हणाले, आणि त्यांनी वहीत तसेच मांडले!

ह्या रीतीचा आणखी एक गुण मला कासवरच उमजला, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे असे मी मानतो. फुलाचे जवळून चित्र घेण्याचा मोह मोठा असतो. त्यासाठी माणसे वाट सोडून आत शिरतात, गुडघे टेकतात, आडवी पडतात. एका चित्रासाठी पन्नास रोपे चिरडली गेली तरी चित्रात ती दिसत नाहीत. येथील पुष्कळ रोपांचे आयुष्य एका पावसाळ्यापुरतेच आहे. बी धरण्यापूर्वी ते रोप पायाखाली गेले, तर केवळ ह्या वर्षीचे फूलच जाते असे नव्हे. पुढील वर्षीचेही जाते. अनेक छायांच्या चित्रणास मात्र आत शिरण्याचे कारणच पडत नाही. वाटेवर एका जागी उभे राहून वाऱ्याची, ढगाची, उन्हाची वाट पाहावी; जे हवे ते आपल्यापाशी चालत येते. नव्या जागेसाठी पाय उचलण्याऐवजी त्याच जागी नवा क्षण घ्यावयाचा, हेच तर ह्या रीतीचे बीज आहे. तासभर एका ठिकाणी उभे राहणाऱ्याला पठार जे दाखविते, ते धावपळ करून दीडशे चित्रे घेणाऱ्याला क्वचितच दाखवीत असेल.

ज्या वाचकांस हा नाद लावून घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी सांगून पुरे करतो. हंगामात पठारावर प्रवेशासाठी शुल्क आहे आणि नोंदणीची व्यवस्था आहे. ती आधी पाहून निघावे. शनिवार-रविवार टाळावेत. सकाळी लवकर पोहोचावे, म्हणजे धुके सापडते. छत्री, कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकची पिशवी आणि भिंग पुसण्यास जुन्या धोतराचा मऊ तुकडा जवळ असावा. आपल्या कॅमेऱ्यात किंवा मोबाईलमध्ये एकावर एक छाया घेण्याची सोय आहे काय हे घरीच तपासावे, आणि अंगणातल्या तुळशीवर किंवा गॅलरीतल्या कुंडीवर हात बसवून घ्यावा. आरंभ दोन छायांनी करावा. दोन साधल्या तर चार. नऊंची घाई नको. तिपाईवर एक, हाती धरून एक आणि नेम चुकवून एक, अशी तीन चित्रे एकाच विषयाची घेतली, तर ह्या रीतीचे बहुतेक व्याकरण कळून येते. तिपाईचे पाय वाटेबाहेर टेकू नयेत, हे सांगणे नलगे.

आणि शेवटची गोष्ट. ज्या जागेचे असे चित्र घ्यावयाचे, तिचे एक साधे, सरळ, नाव-गाव-तारखेसह चित्रही त्याच दिवशी घेऊन ठेवावे. सोनकी लवकर सुकते, गेंद गळतो, आणि आश्विन संपता संपता पठार पुन्हा दगडाचे होते. पुढील वर्षी तेथे काय उगवेल हे आज कोणासही सांगता यावयाचे नाही. घरातल्या मुलाबाळांनी मागाहून पाने उलटली, तर आपल्याला ते कसे भासले हे तर त्यांस कळावेच. पण तेथे खरोखर काय होते, हेही त्यांस कळले पाहिजे.